पिकअपचा हौदा पावसात गळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओतूर-आळेफाट्याकडचा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर भरायची, रात्री माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत कल्याण नाहीतर वाशीच्या मार्केटला माल लावायचा, हे आमच्या घरचं काम. आधी वडील करायचे, आता मी आणि धाकटा भाऊ करतो. मृग लागला की ओळखीच्या गाडीवाल्यांचे फोन सुरू होतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: ताडपत्री आहे, दोऱ्या आहेत, तरी माल भिजला. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि आमच्या गाडीवर करून पाहिलेली उत्तरं खाली दिली आहेत. बोलेरो पिकअप, दोस्त, छोटा हत्ती या उघड्या हौद्याच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवूनच बहुतेक लिहिलंय. बंद बॉडीवाल्यांसाठी पुढे वेगळं आहे.

ताडपत्री नवीकोरी आहे, तरी गोण्या भिजतात. पाणी येतं कुठून?

पाणी जिथे टपकतं तिथून ते आत आलेलं नसतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धा खर्च वाचतो.

आमच्या गाडीत दर खेपेला एकच गोणी भिजायची. वरच्या थरातली, डाव्या बाजूची, ताडपत्री पेलणाऱ्या मधल्या लोखंडी कमानीखालची. आम्ही तिथल्या ताडपत्रीला वरून तीनदा ठिगळ लावलं आणि तीनही वेळा गोणी भिजलीच. शेवटी एका रविवारी हौदा रिकामा केला, ताडपत्री नेहमीसारखी बांधली आणि मी बॅटरी घेऊन आत आडवा झालो. भाऊ बाहेरून बादलीने पाणी ओतत होता. त्याने केबिनच्या टपाच्या वरच्या बाजूला पाणी टाकलं आणि साधारण मिनिटभराने आत, माझ्या डोक्यापासून चार फूट मागे, मधल्या कमानीच्या वेल्डिंगच्या गाठीवर एक थेंब जमा झाला. तो फुगत गेला आणि माझ्या खांद्यावर पडला. त्याच्या मागोमाग दुसरा आला. पाणी शिरत होतं पुढच्या आयलेटपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या कड्यापाशी, दोरीच्या ताणाने ओघळ पडला होता तिथून. तिथून ते आढ्याच्या पाइपला चिकटून मागे सरकत यायचं आणि वेल्डिंगची गाठ आडवी आली की टपकायचं. ठिगळं लावलेली जागा पहिल्यापासून कोरडीच होती.

पाइप, दोरी, वायर, पत्र्याची कड या सगळ्या पाण्याच्या वाटा आहेत. थेंब त्यांना धरून लांबवर चालतो आणि खडबडीत जागा आली की सुटतो. म्हणून टपकण्याच्या जागेवरून मागे माग काढायचा, आणि तोही चढाच्या दिशेने.

मग नेमकी जागा शोधायची कशी?

दोन माणसं, एक पाण्याची नळी, जुनी वर्तमानपत्रं आणि तासभर वेळ लागतो. हौदा पूर्ण कोरडा करा आणि तळाला वर्तमानपत्रं अंथरा. थेंब पडला की कागदावर गडद डाग उमटतो आणि जागा चुकत नाही.

नळी खालून वर न्यायची. आधी फक्त फाळक्यांच्या, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूंच्या, खालच्या फटी, मग फाळक्यांची वरची कड, मग बाजूची ताडपत्री आणि शेवटी माथा. प्रत्येक ठिकाणी पाचदहा मिनिटं थांबा. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि कुठून आलं ते कळत नाही. घाईत सगळे इथेच चुकतात. दाबाच्या पंपानेही तपासू नका. वॉशिंग सेंटरचा फवारा पाऊस कधीच घुसणार नाही अशा जागीही पाणी घुसवतो आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी सीलंट भरत बसता.

ताडपत्रीतली बारीक भोकं शोधायला पाणीही लागत नाही. दुपारच्या उन्हात ती गाडीवर बांधा, आत बसा आणि वर बघा. सुईएवढं भोकही चांदणीसारखं चमकतं. तिथेच खडूने गोल करून ठेवा.

उभ्या गाडीत थेंब येत नाही, पण चालत्या गाडीत माल भिजतो. असं का?

गाडी पळते तेव्हा हवा टपावरून आणि दोन्ही बाजूंनी मागे जाते आणि फाळक्याच्या मागे हवेचा दाब कमी पडतो. तिथे हवा गरगरत राहते आणि मागच्या चाकांनी उडवलेलं चिखलपाणी त्या भोवऱ्यातून वर येऊन फटींतून आत ओढलं जातं. मागच्या ओळीच्या गोण्या तांबड्या चिखलाच्या बारीक ठिपक्यांनी भिजलेल्या दिसल्या तर समजा, हे पावसाचं पाणी नव्हे, रस्त्याचं आहे. अशा वेळी ताडपत्री बदलून काही उपयोग नाही. मडफ्लॅप, म्हणजे चाकांमागे लोंबणाऱ्या रबरी पट्ट्या, पूर्ण रुंदीचे आणि शाबूत आहेत का ते आधी बघा. फाटलेला किंवा अर्धा तुटलेला मडफ्लॅप निम्म्या गाड्यांना असतो.

दुसरं म्हणजे वेगात ताडपत्री वर उचलली जाते, फुगते आणि फडफडते. प्रत्येक फडफडीला कडेची फट उघडते आणि मिटते. नळीने तपासताना हे कधीच दिसणार नाही. म्हणून नळीच्या परीक्षेत पास झालेली गाडी घाटात नापास होते. कुणाला तरी मागून दुचाकीवर यायला सांगा, किंवा साध्या मोबाइलवर मागच्या गाडीतून चित्रण करून घ्या. ताडपत्री कुठे श्वास घेतेय ते लगेच दिसतं.

कोणती ताडपत्री घ्यावी?

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. निळी-पिवळी-काळी प्लास्टिकची, म्हणजे एचडीपीईची, हलकी आणि स्वस्त असते. तिचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं. शंभर-सव्वाशे जीएसएमची ताडपत्री झाकायला ठीक, पण रोज बांधायच्या-सोडायच्या गाडीवर एका पावसाळ्यात तिच्या घड्या चिरतात. रोजच्या धंद्याला २०० जीएसएमच्या खाली जाऊ नका आणि उन्हाला टिकणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेलीच मागा. प्लास्टिक पावसापेक्षा उन्हानेच जास्त मरतं. मे महिन्यात गाडीवर तशीच पडून राहिलेली ताडपत्री जूनमध्ये गळते ती त्यामुळेच.

दुसरी पीव्हीसीचा थर दिलेली. ही जड असते, ५०० जीएसएमच्या पुढे जाते आणि महाग पडते. पण फडफडत नाही आणि चांगली जोडता येते. कायम कमानी बसवलेल्या गाडीवर हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी जुनी कापडी, मेण चढवलेली. हिच्यातून हवा खेळते म्हणून कांद्याला ती चांगली, पण जड होते आणि ओली घडी करून ठेवली तर कुजते. आणखी एक, पावसात भिजलेल्या कापडी ताडपत्रीला आतून गोणी टेकली की तिथूनच पाणी पाझरायला लागतं. कापड आणि माल यांच्यात चार बोटं तरी जागा हवीच.

माप घेताना हौद्याचं माप देऊ नका. कमानीवरून दोरी टाकून, दोन्ही बाजूंच्या फाळक्यांच्या बाहेरून खाली फूटभर उतरवून माप घ्या. मागेपुढेही तसंच. दुकानदार हौद्याची लांबी-रुंदी विचारतो, आपण नऊ बाय साडेपाच सांगून मोकळे होतो, आणि मग कडा फाळक्याच्या आत खोचाव्या लागतात.

कडा फाळक्याच्या आत खोचल्या तर काय बिघडलं? वाऱ्याने उडत नाहीत.

सगळ्यांत जास्त माल यानेच भिजतो. ताडपत्रीवरून वाहणारं पाणी कडेपर्यंत येणारच. कड बाहेर असेल तर ते रस्त्यावर पडतं आणि आत असेल तर हौद्यात. आपण स्वतःच पन्हळ करून पाणी मालात सोडतो. छपराची वळचण भिंतीच्या बाहेर का काढतात, तेच इथेही. पागोळ्या बाहेर पडल्या पाहिजेत.

दोन ताडपत्र्या जोडून टाकायच्या असतील तर आधी मागची टाका आणि तिच्यावर पुढची, निदान दोन फूट चढवून. कौलं शाकारताना खालच्या ओळीवर वरची ओळ चढवतात तसं. उलट केलं तर समोरचा वारा सांध्यात शिरतो आणि पाणी सोबत नेतो.

दोरीचंही तसंच आहे. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते आणि सैल पडते. सुती दोरी ओली झाली की आखडते. नायलॉन वापरत असाल तर पाऊस लागल्यावर दहापंधरा किलोमीटरवर एकदा थांबून सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणाच. आम्ही मढच्या चढाआधी हमखास थांबतो, कारण पुढे घाटात थांबायला जागाही नसते आणि कड्यावरचं पाणी सरळ टपावर येतं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दोरीच्या टोकाला लावल्या तर ताण आपोआप टिकतो. फक्त पट्टीला चीर दिसली की ती फेकून द्या. ताणलेली पट्टी तुटून डोळ्याला लागू शकते.

हौद्यात आत शिरणारी एकही दोरी नको. दोरीवरून पाणी उतरतं. एखादी आत न्यावीच लागली तर आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच टपकेल. दिव्यांच्या वायरला हीच युक्ती लागू पडते.

मागचा पदर खाली सोडताना मागचे दिवे, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट उघडी राहिली पाहिजे. माल कोरडा ठेवायच्या नादात मागचा दिवा झाकून धुक्याच्या घाटात जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

माथ्यावर पाण्याची तळी साचतात. वाटेत काठीने ढकलून चालेल का?

तात्पुरतं चालेल. पण त्या पाण्याचं वजन एकदा समजून घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. नऊ बाय साडेपाच फुटांचा हौदा सुमारे ४.६ चौरस मीटरचा होतो. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला जोरदार पाऊस म्हणतं. तेवढ्यात हौद्यावर जवळजवळ ३०० लिटर पाणी पडतं. २०४ मिलिमीटरच्या पुढे तो अत्यंत मुसळधार, म्हणजे ९४० लिटर. घाटमाथ्यावर जुलैत असे दिवस येतात. यातलं दहावा हिस्सा पाणी जरी खोलगटात अडकलं तरी तो पाचपन्नास किलोचा गोळा वळणावर इकडून तिकडे हिंदकळतो, आयलेट उपटतो आणि कापड ताणून पातळ करतो. उभं पाणी नंतर शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून झिरपतं.

उपाय ताडपत्रीच्या खाली आहे. मधोमध पुढून मागे एक आढं हवं, बांबू किंवा पाइप, बाजूंपेक्षा निदान अर्धा फूट उंच. दोन कमानींत अंतर जास्त असेल तर मध्ये दोन-तीन दोऱ्या आडव्या ताणून बांधा. कमानी नसलेल्या गाडीत माल रचतानाच मधली रांग एका गोणीने उंच ठेवा. काही खर्च नाही आणि पाणी दोन्हीकडे उतरतं.

पाइपांची टोकं, वेल्डिंगचे काटे, तारेची टोकं यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा. ताडपत्रीला पडणारी निम्मी भोकं आपल्याच कमानी पाडतात.

भोक पडलंय. काय लावू?

हे कापडावर अवलंबून आहे. एचडीपीईला साधा डिंक, फेव्हिकॉलसारखा गोंद, पंक्चरचं सोल्यूशन यातलं काहीच धरत नाही. त्या प्लास्टिकचा गुणच तसा आहे. त्याला ताडपत्रीची चिकटपट्टी लावा, दोन्ही बाजूंनी, जागा पुसून कोरडी करून, कोपरे गोल कापून. चौकोनी कोपरा आधी सुटतो. पीव्हीसीला पीव्हीसीचं सोल्यूशन किंवा गरम हवेच्या गनने जोड द्या. हुड शिवणाऱ्यांकडे ती असते आणि तो जोड मूळ कापडाइतका टिकतो. कापडी ताडपत्रीला ठिगळ शिवा आणि शिवणीवर मेणबत्ती घासून वरून हलकी ऊब द्या, म्हणजे टाक्यांची भोकं मेणाने बुजतात.

आयलेट उपटला असेल आणि वाटेत असाल तर सुपारीएवढा गुळगुळीत गोटा कापडात गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा. ताण कापडावर पसरतो, कापड फाटत नाही आणि नवं भोकही पडत नाही. वडिलांनी मला गाडीचं सगळ्यात आधी शिकवलेलं काम हेच होतं.

फाळक्यांच्या फटींतून पाणी येतं. त्या सीलंटने बुजवू का?

फाळका उघडझाप होतो, तिथे सीलंट आठवडाभरही टिकणार नाही. हलणाऱ्या फटीला रबर हवं. जुन्या कन्व्हेयर बेल्टची किंवा जाड रबराची चार इंची पट्टी फाळक्याला बाहेरून अशी ठोका की तिची खालची कड हौद्याच्या तळाच्या खाली दोन बोटं लोंबेल. वरून येणारं पाणी पट्टीवरून खाली जातं आणि खालून उडणारा चिखल तिच्यावर आपटतो. नट-बोल्टच्या खाली मोठा वॉशर घाला, नाहीतर रबर भोकापाशी फाटतं.

बाजूच्या आणि मागच्या फाळक्याच्या कोपऱ्यात, जिथे खिट्टी बसते, तिथे बोटभर उभी फट असते. तिथे रबराची दुमडलेली पट्टी आतून लावा. बिजागऱ्या झिजून फाळका खाली बसला असेल तर आधी बिजागऱ्या बदला. वाकड्या फाळक्याला कितीही रबर लावलं तरी फट जागा बदलते, जात नाही.

हौद्याच्या तळाला भोकं आहेत. त्यातून चिखल येतो, वेल्डिंग करून बंद करून टाकू?

नका करू. ती भोकं पाणी बाहेर जायला कंपनीनेच ठेवलेली असतात. थोडं पाणी आत येणारच, मालाचाही ओलावा असतो, भाजी पाणी गाळते. वाट बंद केली की तळाशी डबकं होतं, खालचा थर कुजतो आणि पत्रा पन्हाळीत गंजतो. आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याला एका बॉडीवाल्याने सगळी भोकं बुजवून दिली होती. दोन पावसाळ्यांत तळाच्या कोपऱ्यांतून खालची चेसिस दिसायला लागली.

खरी तक्रार बहुतेक वेळा उलटी असते, भोकं कांद्याच्या पातीने आणि मातीने तुंबलेली असतात. प्रत्येक खेप उतरल्यावर तार घालून मोकळी करा. चाकाच्या वर येणाऱ्या भोकांना खालून रबराची जीभ लावा, एका कडेला बोल्टने धरलेली. पाणी तिला ढकलून खाली पडतं, उडालेला चिखल वर येत नाही.

बाकी भोकं, म्हणजे पडलेले बोल्ट, गंजून गेलेला पत्रा, जुन्या फिटिंगच्या खुणा, ती मात्र बुजवायची. गंज घासून पांढऱ्या पत्र्यापर्यंत जा, तुकडा वेल्ड करा, रेड ऑक्साइड आणि रंग द्या. गंजावर सीलंट फासलं तर आत गंज वाढत राहतो आणि महिन्याभरात पापुद्र्यासकट सुटून येतो.

आणि काही झालं तरी गोण्या थेट पत्र्यावर ठेवू नका. दोन इंच उंचीच्या लाकडी पट्ट्या पुढून मागे टाका. पाणी खालून निघून जाईल आणि खालच्या थरालाही हवा लागेल.

बंद बॉडीच्या सांध्यांना कोणतं सीलंट? सिलिकॉन की एम-सील?

एम-सील कडक होतं. गाडीची बॉडी खड्ड्यात पिळते, सांधा केसभर हलतो आणि कडक भराव तडकतो. न हलणाऱ्या छोट्या भोकाला ठीक, लांब सांध्याला अजिबात नको.

सिलिकॉन लवचिक असतं. पण लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन पत्र्यावर लावू नका. त्यातून सुटणारं आम्ल पत्रा आणि जस्ताचा मुलामा खातं. न्यूट्रल लिहिलेलं मागा. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि जुन्या सिलिकॉनवर नवा थर धरत नाही. जुना खरवडून काढावाच लागतो.

माझी निवड पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंटची. रबरासारखं राहतं, रंग धरतं, पिळ सोसतं. सांधा तारेच्या ब्रशने घासा, थिनरने पुसा, वाळू द्या आणि मग सांध्याच्या बाहेरच्या बाजूने भरा. आतून भरलं तर पाणी सांध्यात शिरून तिथेच अडकतं आणि आतून पत्रा खातं. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने हळूहळू आतपर्यंत सुकतं, दिवसाला दोनतीन मिलिमीटर. संध्याकाळी भरून रात्री माल भरू नका. एक दिवस गाडी उभी राहू द्या.

टपाचे रिव्हेट सैल झाले असतील तर नुसतं वरून फासून भागत नाही. जुना रिव्हेट ड्रिल करून काढा आणि एक माप मोठा, सीलंटमध्ये बुडवून बसवा.

बंद बॉडीच्या मागच्या दारातून पाणी येतं.

कागदाचा कपटा दाराच्या रबरात धरून दार लावा आणि ओढा. घट्ट बसला तर तिथे रबर काम करतंय, सहज निघाला तर तिथेच फट आहे. असं वीतभर अंतरावर चारी बाजूंनी करा. बहुतेकदा खालचा कोपरा निघतो, कारण माल चढवताना पाय तिथेच पडतो. नवीन रबर कोपऱ्यात कापू नका, वळवून न्या आणि जोड खालच्या कडेला ठेवा.

दाराच्या वर टपाच्या कडेला इंचभर अँगल आडवी वेल्ड करून पागोळीपट्टी करून घ्या, दोन्ही टोकांना थोडी बाहेर काढून. टपावरचं सगळं पाणी दाराच्या सांध्यावर येण्याऐवजी कडेला जातं. एवढ्या साध्या पट्टीने थांबलेली गळती मी बऱ्याच गाड्यांत पाहिली आहे.

सगळं तपासलं, भोक कुठेच नाही, तरी टप आतून ओला असतो.

ती गळती नसून घाम असेल. कांदा आणि भाजी वाफ सोडत राहतात. दुपारच्या उन्हात भरलेला माल, बंद डबा आणि रात्री घाटातला गार वारा. पत्रा थंड पडतो आणि आतली वाफ त्यावर थेंब होऊन जमते. खात्री करायची तर टपाला आतून वीतभर पॉलिथिन चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा. सकाळी पॉलिथिनच्या मालाकडच्या बाजूला पाणी असेल तर तो घाम, पत्र्याकडच्या बाजूला असेल तर गळती.

घामाला सीलंट उपयोगाचं नाही, उलट जास्त बंद केलं की जास्त घाम. पुढे खाली आणि मागे वर, अशी पाऊस न घेणारी तिरक्या पट्ट्यांची झडप बसवा. ताडपत्रीखाली कांदा असेल तर पाऊस थांबल्याबरोबर मागचा पदर उचलून ठेवा.

व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या गाडीला घडीचं किंवा गुंडाळणारं कव्हर लावलंय. तेही गळतं.

या कव्हरांचा कारखान्यात फक्त झाकण म्हणून विचार केलेला असतो, थोडं पाणी आत येणार हे धरूनच चालायचं. गुंडाळणाऱ्या कव्हरच्या पुढच्या पेटीतून पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी हौद्यात उतरतं. दर पावसाळ्याआधी त्यात पाणी ओतून बघा, खाली रस्त्यावर पडलं पाहिजे. केबिनकडच्या कडेचं रबर आणि फाळक्याच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या उभ्या फटी या दोन जागा आधी धरा. प्लास्टिकचं बेडलायनर, म्हणजे हौद्याच्या आतलं अस्तर, असेल तर ते उचलून खालीही बघा. तिथे साठलेलं पाणी महिनोन्महिने दिसत नाही.

ताडपत्रीचा रोजचा त्रास सोडून कायमची बंद बॉडी करून घेऊ का?

किराणा, औषधं, पशुखाद्य नेत असाल तर जरूर करा. कांदा-भाजी नेत असाल तर हवेची सोय केल्याशिवाय करू नका. बॉडीचं वजन तुमच्या मालाच्या वजनातून वजा होतं, हा हिशेब आधी मांडा. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आधी, वेल्डिंग नंतर.

घाटात, भर पावसात गळायला लागलं तर?

घाटात वळणावर थांबू नका. दरडीखाली आणि धबधब्याच्या तोंडाशी तर मुळीच नको. सपाटी आली की चारी दिवे लावून बाजूला घ्या. गाडीत नेहमी एक जास्तीची छोटी ताडपत्री, दहा मीटर दोरी, ताडपत्रीची चिकटपट्टी आणि दोनचार गुळगुळीत गोटे ठेवा. ओल्या कापडाला पट्टी चिकटत नाही, म्हणून भोक आतून कोरड्या फडक्याने पुसून तिथेच पट्टी लावा. तेही जमत नसेल तर थेंब पडतो त्या जागी छोटी ताडपत्री मालावर तिरकी बांधा, पाणी कडेला जाईल अशी.

माल भिजलाच. आता काय?

मार्केटला पोचल्यावर ओल्या गोण्या वेगळ्या लावा आणि अडत्याला आधीच सांगा. लपवून लावलेली एक ओली गोणी चार दिवसांनी सगळी थप्पी नासवते आणि नाव शेतकऱ्याचं खराब होतं. कांदा असेल तर गोणी सोडून सावलीत, वारा लागेल असा एका थरात पसरा. उन्हात टाकू नका, साल वरून वाळते आणि मानेत ओल राहते. मानेला दाबून बघा, मऊ लागला तो बाजूला काढा.

रिकामी गाडी घरी आली की ताडपत्री तशीच घडी घालू नका. आम्ही ती गोठ्याच्या दांडीवर रात्रभर उलटी टाकतो. सकाळी आईच आधी हात लावून बघते आणि वाळली असेल तरच घडी घालायला देते.